वीस फुटांची परवानगी

गुलाबकाका, साहेब ऑफिसात होते. दोन्ही वेळा होते. पहिल्या वेळी मला खिडकीतून त्यांचा हात दिसत होता, कागदांवर सह्या करणारा. दुसऱ्या वेळी आवाजही ऐकू आला. रोपांच्या पिशव्या उशिरा आल्या म्हणून ते फोनवर कोणाला तरी रागावत होते. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "साहेब मीटिंगला गेलेत." पुढच्या महिन्यात सांगितलं, "दौऱ्यावर आहेत." दोन्ही वेळा तुम्ही तुमच्या हरणी घोडीच्या पाठीवरून खरारा फिरवत होतात आणि दोन्ही वेळा हात न थांबवता म्हणालात, "असू दे. घाई कायची हाय."

घाई होती. तुम्हाला जाऊन काल एक महिना झाला. चार महिन्यांच्या आखणीत माझ्या वाट्याला एकच काम आलं होतं आणि तेवढंच मी केलं नाही. दोर तुम्ही आणले, घोड्यांच्या दाणा-चंदीचं माप तुम्ही ठरवलं, दोन्ही घोड्यांना नवे नाल तुम्ही ठोकून घेतले. मला फक्त वनखात्याच्या ऑफिसच्या एका दारातून आत जायचं होतं आणि म्हणायचं होतं, "तलावाजवळच्या वनउद्यानात आम्हाला एक रात्र दोन घोड्या घेऊन राहायचं आहे. परवानगी द्या."

आमचं घर कचेरीतल्या माणसांचं. आजोबा तहसीलमध्ये होते, बाबा बांधकाम खात्यात. लहानपणापासून मी पाहिलं ते हेच की लोक अर्ज घेऊन आमच्याकडे येतात, दाराशी चपला काढतात, हातातली पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळत नाही. त्या लोकांकडे मी पडद्याआडून बघायचे. आपण कधी त्यांच्या जागी उभं राहू असं वाटलंच नव्हतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, हसू द्यायला हवं होतं.

पुण्याची नोकरी घरी बसून करता येऊ लागली आणि मी पांढरकवड्याला परत आले, तेव्हा माझ्या वरच्या खोलीची खिडकी तुमच्या तबेल्यावर उघडत होती. तुमच्या वरातीच्या दोन घोड्या: पांढरी चांदणी आणि तिच्याहून ठेंगणी, तांबूस हरणी. लग्नाच्या दिवसांत दुपारी तुम्ही त्यांना सजवायला घ्यायचात. आधी अंघोळ, मग पायांत घुंगरू, मग ती आरशांची झूल, सगळ्यात शेवटी कपाळावरचा तुरा. तुरा बांधताना चांदणी डोळे मिटून घ्यायची. मी फोनवर मीटिंगमध्ये असायचे आणि बघत असायचे. आठ महिने बघत होते. मग एक दिवस तुम्ही मान वर केलीत.

"काहून वं इंग्लिसबाई, वरून पाहून राह्यली रोज? खाली ये. घोडी चावत नाही. मी चावतो कधीमधी, पण आज जेवण झालं हाय."

मी खाली आले कारण न येणं जास्त अवघड झालं असतं. चांदणीच्या मानेला हात लावला. मग विचारलं, "हिला बँडची भीती वाटत नाही का?"

"सवय हाय."

"सवय झाली म्हणजे भीती जाते का?"

तुमचा हात थांबला. "हे मले आजवर कोणी इचारलं नाही," तुम्ही म्हणालात. मग चांदणीकडे पाहून, "तुले ठाऊक हाय का वं?" असं तिलाच विचारलंत.

सहलीचं खूळ मीच आणलं. आषाढात लग्नं बंद झाली होती, घोड्या रिकाम्या होत्या, तुम्ही खाटेवर बसून कंटाळला होतात. मी फोनवर एक पान दाखवलं. परदेशातल्या जंगलातली उद्यानं, झाडांत तंबू, बाजूला घोडे.

"हे घोडे कोणाच्या लग्नाले आले?"

"लग्न नाही काका. लोक सुट्टीत आपले घोडे घेऊन जंगलात राहायला जातात. घोड्यांसाठी वेगळी जागा असते."

"कायले जातात?"

"असंच."

"असंच?" तुम्ही फोन जवळ धरून ते चित्र पुन्हा पाहिलंत. "घोडं घेऊन असंच जातात. बाप्पा!"

सिंधूकाकू आतून म्हणाल्या, "दोघाइलेही काम नाही वाटते."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी एक नियम वाचायचे आणि मराठीत सांगायचे, आणि तुम्ही त्यावर प्रश्न विचारायचात. घोडा पाण्यापासून किती लांब बांधायचा. का लांब? लीद कोणी उचलायची. उचलून कुठे न्यायची? मला उत्तरं येत नसत. मी रात्री शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे. शाळेत मी उत्तर येत असतानाही हात वर केला नव्हता. तुमच्याकडे मात्र, "काका, सापडलं," असं म्हणतच जिन्यावरून उतरायचे.

वैरणीच्या नियमावर तुम्ही अडलात. त्या पानावर लिहिलं होतं की घोड्यांचा चारा तणाच्या बियांपासून साफ केलेला असावा, नाहीतर बिया पोटातून जातात आणि जंगलात नवं तण उगवतं. तुमचा विश्वास बसेना. "घोडीनं चावून चावून खाल्लेलं पुन्हा उगवते? कोण सांगते?" मी म्हटलं, लिहिलंय. तुम्ही म्हणालात, "लिहिलं तं काहीही राह्यते." दुसऱ्या दिवशी भिंतीशी तेलाचे दोन डबे दिसले. एकात चांदणीची लीद, एकात हरणीची, वर थोडी माती. रोज सकाळी चूळ भरल्यावर तुम्ही तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांत ओतायचात. काकू म्हणायच्या, "माणसं तुळस लावतात, हा म्हातारा पाह्य काय लावून राह्यला."

बारा-पंधरा दिवसांनी तुम्ही मला खिडकीतून हाक मारलीत. हरणीच्या डब्यात तरोटा आणि गाजरगवत उगवलं होतं. चांदणीच्या डब्यात तेही होतं आणि बाजूला झेंडूची तीन रोपं. तुम्ही उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत होतात. "नवरदेवाच्या हारातला हाय हा. हार खाते ते चोरून." मग लग्नांची यादी सुरू झाली. करंजीच्या वरातीत खाल्लेला असंन. नाही, त्या नवरदेवाचा गुलाबाचा होता. घाटंजीचा? शेवटपर्यंत ठरलं नाही. पण त्यानंतर सहलीआधी चार दिवस घोड्यांना फक्त निवडलेलं कुटार आणि भिजवलेले चणे द्यायचे, हे तुम्हीच जाहीर केलंत. "आपल्याच्यानं जंगलात गाजरगवत गेलं असं नको व्हायले."

टिपेश्वर अभयारण्यात घोडे नेता येणार नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरोबरच हाय. वाघाले वाटंन वरात आली, जेवण तयार हाय." म्हणून आपण वनखात्याचं ते तलावाजवळचं उद्यान निवडलं. साग, मोह, बांबू, चहूबाजूंनी जाळीचं कुंपण, एक चौकीदार, गेट संध्याकाळी पाचला बंद. हायवे सोडून आतल्या रस्त्यानं नऊ किलोमीटर. दिवसही तुम्हीच ठरवलेत. भाऊबीज झाल्यावर आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, मग घोड्या आपल्या राहत नाहीत.

फक्त दोरावर आपलं जमलं नाही. मी सांगितलं की दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर एक दोर ताणायचा आणि त्याला घोडा बांधायचा, म्हणजे मुळं तुडवली जात नाहीत.

"दोन झाडाइच्या मधात दोर? कपडे वाळू घालाचे हाय का?"

"मग आपल्या पद्धतीनं. पुढचे पाय, मागचे पाय, खुंटा."

"ते तं रोजचंच हाय."

"मग कसं बांधायचं, काका?"

"बांधाचंच कायले?"

मी तुम्हाला पुन्हा नियम वाचून दाखवला. तुम्ही विषय बदललात. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी जरा चिडून म्हणाले, "घोडा मोकळा ठेवायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय." तुम्ही म्हणालात, "तू भल्ली नियमाची हाय वं," आणि उठून आत गेलात. मला वाटलं, तुम्हाला माझं शिकलेपण टोचलं. दोन दिवस मी खाली आले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही खालून हरणीला मोठ्यानं म्हणालात, "वरची बाई रुसली वाटते, तिले विचार बरं रंगीत तालीम कवा करतो म्हणून." मी आले. पण दोराचं तसंच राहिलं.

ती तालीम आठवली की मला अजूनही एकटीला हसू येतं. मी कागदावर तक्ता केला होता: घोडा ताशी सहा किलोमीटर चालतो, म्हणजे नऊ किलोमीटरला दीड तास, पाण्याला थांबून दोन. तुम्ही तक्ता पाहून मान डोलावली होती. चाळीस वर्षं घोडी हाकलेला माणूस आणि सगळं वाचून काढलेली मी. दोघांपैकी कोणालाही साधी गोष्ट सुचली नाही. तुमच्या घोड्या जन्मात कधी वरातीच्या चालीशिवाय चालल्याच नव्हत्या. कपाशीच्या वावरांमधल्या कच्च्या रस्त्यावर चांदणी वीस पावलं चालली आणि थांबली. मान थोडी उंच, एक पाय किंचित उचललेला. नाचणाऱ्यांची वाट बघत होती. तुम्ही चुचकारलंत, पुन्हा वीस पावलं, पुन्हा थांबली. हरणी तिच्या मागे, तशीच. तीन तासांत आपण तीन किलोमीटर गेलो. वावरात निंदण करणाऱ्या बायांनी विचारलं, "नवरदेव कुठी हाय?" तुम्ही म्हणालात, "पळाला. त्यालेच शोधून राह्यलो."

मग तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलात आणि नुसतं बघायला लागलात. माझ्याकडे, चांदणीकडे, पुन्हा माझ्याकडे. "अवं," तुम्ही म्हणालात, "तू काहून घडीघडी मागं वळते?"

मी पुढे चालत होते आणि तुम्ही ठीक आहात ना, दमला नाहीत ना, ते वळून बघत होते.

"वरातीत पुढचा माणूस मागं तोंड करते कवा? नाचाले. तू वळली का तिले वाटते, आता नाचन हे. म्हणून थांबते ते तुझ्यासाठी."

मी न वळता चालले. मागून टापांचा आवाज न थांबता येत राहिला. पुढचा एक किलोमीटर पंधरा मिनिटांत संपला. तुम्ही मागून ओरडत होतात, "चालली वं! चालली पाह्य! नको पाहू, नको पाहू!"

त्याच आठवड्यात तुम्ही मला परवानगीचं सांगितलंत. "हे काम तुझं. साहेबासंगं मी काय बोलू, मले तं वरातीची बोली ठाऊक."

पहिल्या वेळी मी ऑफिससमोरच्या निंबाखाली वीस मिनिटं उभी राहिले. हातात फाईल, फाईलमध्ये अर्ज, तक्ता, रस्त्याचा नकाशा. दुसऱ्या वेळी व्हरांड्यापर्यंत गेले. बाबू म्हणाले, "काय काम हाय, मॅडम?" मी म्हटलं, "पाणी प्यायचं होतं." त्यांनी माठ दाखवला. मी पेलाभर पाणी प्यायले, धन्यवाद म्हटलं आणि घरी आले.

त्यानंतर दसरा झाला. तुम्ही घोड्यांची पूजा केलीत, मला सोनं दिलंत, म्हणालात, "दिवाळी आली का नाही?" मी म्हटलं, "दिवाळीनंतर नक्की जाते." कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी उठला नाहीत. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं पुरे झालं.

तेरावं झाल्यावर काकूंनी मला खाली बोलावलं. नेरला त्यांचे भाऊ आहेत, त्यांचाही हाच धंदा. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणाले होते, दोन्ही घोड्या न्यायला. "मले कुठी झेपते हे? भाऊ हाय म्हणून बरं. पोटभर तं देईन खायले." मी मान हलवली. काकू तबेल्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं ते जंगलाचं राह्यलंच."

मी वर आले. हिशेब सरळ होता: भाऊबीज ते तुळशीचं लग्न, आणि त्यानंतर कधीच नाही. दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या दिवशी साडेदहाला मी तिथे होते.

बाबूंनी ओळखलं. "पाणी आत ठेवलं हाय आता, मॅडम."

"आज पाणी नको," मी म्हटलं. "साहेबांना भेटायचंय. घोड्यांबद्दल."

"घोडे?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी त्या गुलाबराव बुढ्याच्या कोण?"

कोण, ते मला सांगता आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही पुन्हा. कपाटातून एक फाईल काढली, मला आत नेलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. वर तुमचं अक्षर. काका, तुमचं अक्षर मी त्याआधी फक्त वरातींच्या वहीत पाहिलं होतं. मोठं, प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबल्यासारखं. अर्जावरची तारीख माझ्या पहिल्या खोट्यानंतर आठ दिवसांची होती.

मी उभ्यानंच वाचला. पाठ झाला आहे, म्हणून इथे लिहिते. "माझ्या दोन घोड्या आहेत. त्या जन्मभर वाजंत्रीत चालल्या. त्यांना सवय झाली पण भीती गेली का नाही हे मला माहीत नाही. आवाज नसलेल्या जागी एक रात्र मोकळ्या सोडून त्या काय करतात ते पाहायचे आहे. तरी कृपा करून परवानगी मिळावी." खाली लाल शाईत शेरा: घोडे मोकळे सोडता येणार नाहीत, नामंजूर.

साहेब पन्नाशीचे, थकलेले, सभ्य गृहस्थ निघाले. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते तो माणूस डब्यातला पेरू खात होता. त्यांनी मला बसायला सांगितलं. "मी त्यांना म्हटलं होतं, बांधून ठेवा, आत्ता सही करतो. तर म्हणाले, 'बांधूनच ठेवाचं तं घरी काय वाईट हाय?' आणि उठले. जाताना म्हणाले, 'एक पोरगी येईन माही. तिनं सगळे नियम वाचले हाय. ते समजावून सांगंन तुमाले.' मी वाट पाहिली थोडे दिवस. आले नाही कोणी."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी दुसऱ्यांदा "दौऱ्यावर आहेत" म्हणाले तेव्हा तुम्ही या खुर्चीत बसून गेला होतात. तुम्हाला नकार मिळाला होता, तो तुम्ही माझ्यापासून लपवलात आणि माझं खोटं लपवू दिलंत. रोज संध्याकाळी आपण चंदीचं माप आणि तंबूची जागा बोलत होतो, दोघंही आपापलं झाकून. कायले, काका? मी थांबू नये म्हणून? की नियोजन संपलं की मी खाली यायची बंद होईन म्हणून? हा प्रश्न मी रोज उलटसुलट करून बघते. उत्तर सापडलं तर सांगायला जिना उतरायची सोय आता नाही.

मला राग आला, आणि रागानं बरं झालं. त्या रागात मी बोलायला लागले.

"ते आता नाहीत," मी म्हटलं. "घोड्या महिनाअखेर नेरला जाणार. एक रात्र द्या. बांधून ठेवू."

"बांधून असेल तर हरकत नाही."

"पण लांब दोरावर."

"किती लांब?"

"चाळीस फूट."

"चाळीस फूट म्हणजे मोकळीच की! रोपं आहेत तिथे. दहा."

"दहा फुटांत घोडी नीट फिरतही नाही, साहेब. पस्तीस. झाडाला नाही बांधणार, गवताच्या मोकळ्या पट्टीत खुंटा ठोकू. लीद पोत्यात भरून परत आणू. चारा तणाचा नाही, निवडलेला आहे. हे बघा." मी फाईल उघडली. तक्ता, नकाशा, सगळं त्यांच्या पेरूशेजारी मांडलं. तेलाच्या डब्यांचंही सांगितलं. झेंडूवर ते हसले.

"पंधरा."

"पंचवीस."

दारातून बाबू म्हणाले, "वीस करा साहेब, पोरगी जात नाही आता."

वीस फूट. सकाळी आठला गेट सोडायचं. सही झाली. साहेबांच्या खोलीबाहेर येऊन मी खरोखरच माठाजवळ गेले आणि पाणी प्यायले.

काकूंना मी वाटेत सोबत द्या एवढंच म्हणाले होते. त्यांनी तुमचा जुना कोट साडीवर चढवला आणि हरणीचा लगाम हातात घेतला. मी विचारलं, लोक काय म्हणतील. "म्हणू दे. म्हाताऱ्याचं काम अर्धं पडलं हाय. अन् तो असता तं मी आली नसती, दिवसभर बोलून डोकं खाल्लं असतं." पहिले दोन किलोमीटर त्या रडत होत्या, मग हरणीला शिव्या द्यायला लागल्या, मग ठीक झाल्या. मी चांदणीचा लगाम धरून पुढे चालले आणि एकदाही वळले नाही. नऊ किलोमीटरला सव्वादोन तास लागले. तुमच्या घोड्यांच्या मानानं हे काय आहे ते तुम्हालाच कळेल.

उद्यानात काही विशेष घडलं नाही, आणि मला तेच लिहून ठेवायचं आहे. चौकीदारानं गेट लावलं. आम्ही तलावाच्या वरच्या अंगाला गवताच्या पट्टीत दोन खुंटे ठोकले, दोर मोजून वीस फूट. घोड्या आधी खुंट्याजवळच उभ्या राहिल्या, दोर आखूडच आहे असं धरून. बऱ्याच वेळानं हरणी एक पाऊल पुढे गेली, मग अजून एक, आणि दोर संपेना तेव्हा तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. चांदणी कान फिरवत होती. समोर, मागे, एकेक वेगळा. मला वाटतं, बँड कुठल्या बाजूनं येणार ते ती शोधत होती. अंधार पडेपर्यंत शोधत होती. काकूंनी भाकरीचं फडकं सोडलं, आम्ही खाल्लं, तंबूत शिरलो. तंबूची एक काठी उलटी बसली होती आणि आम्ही ती तशीच राहू दिली.

पहाटे धुकं होतं. मी बाहेर आले तर हरणी उभी होती आणि चांदणी नव्हती. मग दिसली. जमिनीवर, आडवी. पाय ताठ पसरलेले, मान गवतावर सपाट, तोंड किंचित उघडं. घोडा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, मेली. हे मी केलं, माझ्या हट्टानं, माझ्या फुटांच्या घासाघिशीनं. मी तंबूकडे धावले. मी काकूंचा पाय ओढला.

काकू तुमच्या कोटात गुरफटून बाहेर आल्या, चार पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. मला हातानं मागेच थांबवलं.

"माय वं," त्या कुजबुजल्या. "झोपली हाय ते. घोरून राह्यली, ऐक."

खरंच घोरत होती. बारीक, ओलसर आवाज, नाकपुडीसमोरचं गवत हलत होतं.

"अकरा वर्षं झाली आपल्याकडं येऊन," काकू म्हणाल्या. "उभ्यानंच डुलक्या घेते. रातभर हायवेवर ट्रक. आडवी कधी पाह्यली नाही मी हिले. तुह्या काकानंही नाही."

आम्ही दोघी गवतावर बसलो. हरणी चांदणीच्या डोक्याजवळ उभी होती, आमच्याकडे बघत, पहाऱ्यावर असल्यासारखी. धुकं वर गेलं, तलाव दिसायला लागला, कुठेतरी मोर ओरडला आणि चांदणीचा फक्त एक कान हलला. आठ वाजले. साडेआठ. नऊला चौकीदार सायकलवरून आला आणि लांबूनच ओरडला, "मॅडम, आठचं टायमिंग होतं! साहेबाचा फोन आलता. काय सांगू त्याइले?"

मी त्याला हळू बोलायची खूण केली. मग उठून त्याच्यापर्यंत चालत गेले.

"सांगा, घोडी झोपली आहे," मी म्हटलं. "बाकीचं मी ऑफिसात येऊन सांगते."